मूठभर खत

मित्रांनो, मी एक जुने पाणझाड आहे. जुने आहे तसे भित्रेही आहे, हे आधीच सांगून टाकते. टाकीच्या काठावर सावली पडली की माझी पाने शहारतात. सावली कुणाची, तिच्या हातात काय आहे, मूठ उघडी आहे की मिटलेली, एवढे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. तुम्ही हसाल. पण आधी माझी हकीकत ऐका आणि मग हसा.

आमच्या बेटावरच्या मातुगम गावापुढे, रबराच्या मळ्यातून वाहणाऱ्या एका ओढ्यात माझा जन्म झाला. माझी पाने तपकिरी, कडेला तांबूस आणि नागमोडी. गावातले लोक आमच्या जातीला अति उडयन म्हणतात, पण हा तांबूस रंग फक्त त्या ओढ्याचा. तिथे मला कुणी कधी खत घातले नाही. रबराची पाने गळत, तळाशी कुजत, आणि त्या चिखलात पाय रोवून मी जेवत असे. होय, मी पायांनी जेवणारे झाड आहे. माझी मुळे हेच माझे तोंड.

मग रस्ता आला. ओढ्यात मातीच्या गाड्या रित्या होऊ लागल्या. तेव्हा गुणसीली नावाची बाई झगा कमरेला खोचून पाण्यात उतरली. तिच्या अंगणात पाणझाडांच्या सिमेंटच्या टाक्या आहेत. दर आठवड्याला एक गाडी येऊन झाडे घेऊन जाते आणि ती दूरदूरच्या देशांत काचपेटीत जाऊन बसतात. त्या दिवशी तिच्या घमेल्यात आम्ही अकरा जण मावलो. बाकीचे मातीखाली गेले. अकरांतले दहा पहिल्या महिन्यातच कुजले. उरले मी.

गुणसीलीने मला कधी गाडीत चढवले नाही. तिची मुलगी इनोका एकदा म्हणाली, "अम्मा, हे केवढं सुंदर दिसतं! दे ना एखादा कोंब गाडीवाल्यांना."

"ते विकायचं नाही," गुणसीली म्हणाली. "ते ओढ्याचं आहे. चांगलं बळ धरलं की देवळामागच्या झऱ्यात परत लावायचं. तोवर आपल्याकडे फक्त मुक्कामाला आहे."

बळ धरावे म्हणून ती मला खाऊ घालत असे, पण कसे, ते बघा. भातखाचरातली चिकणमाती, वाळलेले शेण आणि चिमूटभर खत कालवून ती बोराएवढ्या गोळ्या वळायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि तीन महिन्यांतून एकदा एक गोळी अंगठ्याने माझ्या मुळाशी खोल दाबायची. पाण्याला त्याचा पत्ताही लागत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते. तरीही मी काळजी करायचे, कारण सुखात काळजी करायची मला सवयच आहे.

नवे वर्ष जवळ आले. एप्रिलमधले आमचे नवे वर्ष. दोन दिवस आधी गुणसीलीचा धाकटा दीर सिरिपाल घरी आला. इनोका त्याला बाप्पा म्हणते; इकडे धाकट्या काकाला तसेच म्हणतात. त्याचा चहाचा लहानसा मळा आहे आणि मन फार मोठे आहे. माझ्या सगळ्या दुःखाचे मूळ ते मोठे मनच.

टाकीत डोकावून तो म्हणाला, "काय गं इनोका, अम्माची झाडं अशी मरतुकडी का? सणासुदीला उपाशी ठेवलीत वाटतं?"

"बाप्पा, अम्मा गोळी देते ना त्यांना."

"गोळी! ताप आलाय का त्यांना? माझ्या चहाला बघ. मूठ मूठ युरिया टाकतो, ढेकर देतो चहा!"

तेवढ्यात आतून हाक आली आणि इनोका सणाचे गोड केवुम तळायला धावली. सिरिपाल युरियाची पिशवी घेऊन परत आला. "घरातले सगळे गोडधोड खाणार, आणि तुम्ही काय पाप केलंत?" असे आम्हालाच म्हणत त्याने मूठ उघडली. पांढरे दाणे पाण्यात सांडले. मग दुसरी मूठ, आणि तिसरी शकुनाची. मला ओरडता आले असते तर मातुगमपर्यंत ऐकू गेले असते.

पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले. घरात साफसफाई आणि तळण चालले होते, टाकीकडे कुणी फिरकले नाही. माझ्या पानांना आधी खाज सुटली, मग आग. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीतले गप्पी मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले. माझी पाचावर धारण बसली.

त्याच सकाळी नऊला नोनगत लागले होते. जुने वर्ष गेले आणि नवे अजून बसले नाही, अशी ती मधली वेळ. चूल पेटवायची नाही, खायचे नाही, कामाला हात लावायचा नाही, आणि विहिरीतून पाणी तर मुळीच काढायचे नाही. विहीर झाकलेली असते. संध्याकाळच्या मुहूर्ताला तिच्यात कोळसा, मीठ आणि मिरी सोडून नव्या वर्षाचे पहिले पाणी घ्यायचे.

देवळात जायला पांढरे कपडे घालून गुणसीली बाहेर आली आणि टाकीपाशी थबकली. तिने पाण्याचा वास घेतला. "कुणी काय टाकलं यात?"

सिरिपाल पुढे झाला. "मीच, अक्का. थोडंसं. तीन मुठी."

ओसरीवर त्याची आई पोडीनोना बसली होती. मुहूर्तांच्या बाबतीत तिच्यासारखे कडक माणूस त्या गावात दुसरे नाही. ती तिथूनच कडाडली, "अक्कल वाटत होते तेव्हा चिमटीनं घेतलीस, आणि खत मात्र मुठीनं!"

"अम्मे, पाणी बदलायला हवं. आत्ताच्या आत्ता," गुणसीली सासूला म्हणाली.

"नोनगत लागलंय. विहिरीला हात लावायचा नाही. मग म्हणशील चूलही पेटवते."

"संध्याकाळपर्यंत हे तगायचं नाही, अम्मे. त्या ओढ्याचं एवढंच उरलंय."

म्हातारी उठली. काठी टेकत आली. मी तिच्याकडे पाहत होते, म्हणजे झाडे जसे पाहतात तसे. आता ही नाही म्हणणार, आणि माझ्याबरोबर अख्खा ओढा मरणार, एवढेच माझ्या मनात होते. एक मासा तिच्यासमोर उलटा झाला. ती घराकडे वळली.

"इनोका, घरात भरून ठेवलेलं पाणी किती आहे?"

"चार घागरी, आच्ची," इनोका आजीला म्हणाली. " ते प्यायचं आहे."

"आण."

"अम्मे, नोनगत..." गुणसीली चाचरली.

"नोनगतात काम करू नये. पुण्य करू नये असं कुणी सांगितलंय? देवळात जाऊन बोधिवृक्षाला पाणी घालणारच होते ना मी? आज इथं घालते. झाड ते झाड."

"आणि आम्हाला तहान लागली तर?" इनोका म्हणाली.

"तर तुझ्या बाप्पाला सांग. तो देईल तीन मुठी!"

सिरिपालने खाली मान घालून विचारले, "अम्मे, बूच काढणं हे काम की पुण्य?"

"तुझ्यासाठी प्रायश्चित्त. काढ."

बूच निघाले. विषारी पाणी गटारात गेले, मासे एका मडक्यात गेले. पोडीनोनाने स्वतः चार घागरी माझ्यावर ओतल्या. त्या पाण्याने माझी जेमतेम मुळे झाकली. उन्हाने पाने करपू नयेत म्हणून सिरिपाल दुपारभर आपली छत्री माझ्यावर धरून उभा राहिला. सगळे घर कोरड्या घशाने मुहूर्ताची वाट पाहत होते. संध्याकाळी विहीर उघडली. पहिली घागर रीतीप्रमाणे घरात गेली; दुसरी माझ्याकडे आली.

वाटले, वाचले. पण आमच्या जातीची एक खोड आहे. मोठा धक्का बसला की आम्ही पाने सोडून देतो. चार-पाच दिवसांत माझी सगळी पाने काचेसारखी झाली आणि मग विरघळली. तळाशी नुसता बुळबुळीत राडा उरला.

"मेलं, अक्का," सिरिपाल म्हणाला. "माझ्यामुळे मेलं. काढून टाकतो, निदान वास तरी यायचा नाही." आणि त्याचा हात पाण्यात शिरला. मित्रांनो, तीन मुठींपेक्षा त्या हाताची मला जास्त भीती वाटली. मी जिवंत होते आणि ते सांगायला माझ्याजवळ एक पानही नव्हते.

"थांब," गुणसीली म्हणाली. तिने त्याचा हात धरून खाली चिखलात नेला. "काय लागतंय?"

"दोऱ्या आहेत. घट्ट."

"मेलेलं मूळ बोटात तुटतं. हे तुटतंय का?"

सिरिपालने मुळाला बोट लावून ठेवले. ते तुटले नाही. मग हलकेच हात बाहेर काढला.

दोन दिवसांनी वर्षातले पहिले काम करण्याचा मुहूर्त होता. त्या वेळी शिक्षक पुस्तक उघडतात, शेतकरी कुदळ मारतो. गुणसीली उत्तरेकडे तोंड करून टाकीपाशी बसली आणि तिने एक गोळी मधोमध मोडली. आजाऱ्याला अर्धीच. ती अर्धी गोळी तिने अंगठ्याने माझ्या मुळाशी दाबली.

मग वाट पाहणे. सिरिपाल रोज येई, हात पाठीमागे बांधून डोकावी, आणि परत जाई. अर्ध्या गोळीत निभेल का, याची मला काळजी. जास्त झाले तर, याचीही काळजी. वेसाकचे, म्हणजे बुद्धपौर्णिमेचे, कंदील टांगले त्या दिवशी माझे पहिले पान वर आले, नखाएवढे. कडेला तांबूस. इनोकाने इतक्या मोठ्याने हाक मारली की पोडीनोना काठी विसरून आली.

यंदाच्या नव्या वर्षी, पहिल्या कामाच्या मुहूर्ताला, गुणसीलीने माझे दोन भाग केले. एक टाकीत राहिला. दुसरा देवळामागच्या झऱ्यात लावला. मी आता दोन्हीकडे आहे; झाडांना ते जमते. झऱ्याचा तळ मऊ होता, कुजलेल्या पानांचा. मी पाय रोवत होते, तेवढ्यात काठावर सावली पडली. सिरिपाल. आणि त्याची मूठ मिटलेली.

माझी दोन्हीकडची पाने शहारली.

त्याने मूठ उघडली. आत एकच गोळी होती, त्याने स्वतः वळलेली, वेडीवाकडी. "अक्का, ही घालू का? की नको?"

"नको," गुणसीली म्हणाली. "इथं झराच जेवू घालेल."

त्याने गोळी परत खिशात टाकली.

मित्रांनो, दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, तसे मी अजून घाबरते. पण एक मागणे मागते. कुणाला मायेने काही द्यायला निघालात, तर त्याचे तोंड कुठे आहे ते आधी बघा. आणि मूठ उघडण्यापूर्वी, सिरिपालसारखे, एकदा विचारा.