कडीची बादली

पुरातून माणसं न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली दारात आली तेव्हा तारामतीनं घरातून तीनच गोष्टी उचलल्या. बीपीच्या गोळ्या, मेलेल्या नवऱ्याचा चष्मा आणि सकाळच्या सहा भाकरी. भाकरी बांधायला हाताला लागलं ते फडकं घेतलं. टीव्ही पुसायचं फडकं.

त्याआधी ते पाणी गाळायचं फडकं होतं. तारामतीचं घर जैनाचं. लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीस वर्षं त्या घरात न गाळलेलं पाणी कुणाच्या पोटात गेलं नव्हतं. जाड सुती कापड दुहेरी करून पाणी गाळायचं. कापडावर डोळ्यांना न दिसणारे जे जीव राहतात, ते कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानं अलगद धुवून घ्यायचे आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. गटारात नाही, दुसऱ्या विहिरीतही नाही. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत, असं तिच्या सासूनं सांगितलेलं. घरोघर नळ आले तेव्हा शेजारणी हसल्या होत्या, आक्का, आता नळात परत कसे घालणार गं? तारामतीनं मनावर घेतलं नव्हतं.

मग करोनाची दुसरी लाट आली. तिचा नवरा जिनगोंडा बेळगावच्या एका दवाखान्यात गेला. प्लॅस्टिकात गुंडाळून त्याला नेलं, आणि नेणाऱ्या चौघांत ओळखीचं एक तोंड नव्हतं. त्या दिवशी तारामतीनं चुलतदिराला, आण्णासाहेबाला, अकरा वेळा फोन लावला. आण्णासाहेब गावच्या बस्तीचा, म्हणजे जैन मंदिराचा, कारभारी. धर्माबद्दल तासभर बोलणारा माणूस. त्यानं एकदाही फोन उचलला नाही. महिन्याभरानं आला तो अंगणातूनच दोन शब्द बोलून गेला.

तो गेल्यावर तारामतीनं गाळायचं फडकं खुंटीवरून काढलं आणि टीव्ही पुसला. किड्यामुंगीची मोजदाद ठेवणाऱ्या देवाला माझा माणूस मोजता आला न्हाय, असं तिनं पोराला फोनवर सांगितलं. तेव्हापासून तीन वर्षं ती नळाचं पाणी तसंच पीत होती आणि बस्तीची पायरी चढली नव्हती. पोरगा वीरेंद्र बेळगावच्या कॅम्प भागात भाड्यानं राहायचा. या पावसाळ्यानंतर कायमची तुझ्याकडं येते, असं तिनं त्याला सांगून टाकलं होतं. गावात तिचं कुणी नव्हतं आणि ती कुणाची नव्हती.

आणि आता वेदगंगेच्या पुरानं तिला उचलून नेमकं बस्तीच्या दारात आणून टाकलं. निपाणीच्या अलीकडच्या त्या गावात उंचावर दोनच इमारती होत्या, बस्ती आणि तिच्या आवारातलं समुदाय भवन. तारामती भवनात शिरली, लांबचा कोपरा धरला आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

त्या भवनाच्या दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी आहे. अकरा वर्षं तिथं लग्नं झाली, पंगती उठल्या. खालच्या गल्लीतली माणसं मात्र मागच्या दाराच्या पुढं कधी आली नाहीत. खालची गल्ली म्हणजे कुठली, ते प्रत्येक गावाला कळतं. पुरानं त्या दिवशी सगळ्यांना पुढच्या दारानं आत घातलं. तीनशे माणसं. एवढं काम गावच्या एकाही पुढाऱ्याला जमलं नव्हतं.

आण्णासाहेबानं स्वतःच्या घरचा तांदूळ आणून चुलवण पेटवलं. ते खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भवनाची टाकी खरवडून निघाली. वीज नाही, नळयोजनेची विहीर नदीच्या पोटात, रस्त्यावर छातीइतकं पाणी, टँकर पलीकडं अडकलेला. टाकीतलं शेवटचं गढूळ पाणी प्यालेली दोन लहान पोरं आणि एक म्हातारा जुलाबानं आडवे झाले. त्यातली एक पोर जयाबाईची नात. जयाबाई खालच्या गल्लीतली, विड्या वळणारी. नातीचे ओठ सुकून पापुद्रे आले होते.

गावची आशा सेविका दिपाली पाणी शुद्ध करायच्या औषधाच्या बाटल्या घेऊन हिंडत होती. पाण्यात दोन थेंब टाकले की झालं, पण थेंब टाकायला पाणी तर हवं, असं ती प्रत्येकाला सांगत होती.

पाणी होतं. बस्तीच्या अंगणात, उंच कठड्याची दगडी विहीर, गोड पाण्याची. पुराचा थेंब तिला शिवला नव्हता. तिच्यावर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि किल्ली आण्णासाहेबाच्या कमरेला. त्या पाण्यानं रोज मूर्तीला अभिषेक व्हायचा. आण्णासाहेबाचं म्हणणं असं की तीनशे माणसांच्या तीनशे घागरी आत बुडाल्या तर उद्या अभिषेक कशानं करायचा? त्यात ही दिपाली विहिरीत औषध ओतायचं म्हणते, म्हणजे आतले सगळे जीव मारायचे. ते पाप कुणाच्या माथ्यावर? तांदूळ द्यायला त्याचा हात आखडला नव्हता, किल्ली द्यायला आखडला. अशी माणसं गावोगाव असतात. ती दुष्ट नसतात, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड जातं.

जयाबाई बस्तीच्या पायरीखाली उभी होती. मागत नव्हती, रडत नव्हती. नातीला खांद्यावर टाकून नुसती जाळीकडं बघत होती.

तारामती उठली. भाकरीचं गाठोडं काखेत तसंच. गर्दीतून वाट काढत ती आण्णासाहेबापुढं जाऊन उभी राहिली.

"किल्ली."

"वहिनी, तुम्ही ह्यात पडू नका."

"विहिरीत एकच घागर जाईल, बस्तीची. ओढीन मी, गाळीन मी, जीव परत विहिरीत सोडीन मी. औषध विहिरीत न्हाय, ज्याच्या त्याच्या भांड्यात. मुनीमहाराजांच्या पाण्यात गाळून झाल्यावर लवंग घालतोस का न्हाय, परत जीव होऊ नयेत म्हणून? ही दिपाली लवंगंच्या जागी थेंब घालंल. आता काय राहिलं?"

आण्णासाहेबानं किल्ली मुठीत धरली. मग तो म्हणाला, "तुम्ही तर तीन वर्षं बस्तीत पाऊल टाकलं न्हाय."

"ते माझं आन् देवाचं भांडण हाय. तू किल्ली दे."

किल्ली आली.

तारामतीनं भाकरी दिपालीच्या हातात दिल्या, फडकं धुतलं, पुन्हा धुतलं, पिळलं आणि दुहेरी करून दुसऱ्या रिकाम्या घागरीच्या तोंडावर बसवलं. बस्तीच्या कोनाड्यात जीव परत सोडायची छोटी पितळी बादली अजून होती. तिच्या बुडाला एक कडी असते. एक दोर वरच्या कडीला, दुसरा बुडाच्या. कापड धुतलेलं पाणी तिच्यात घेऊन पहिल्या दोरानं बादली पार पाण्यापर्यंत सोडायची, टेकली की दुसरा दोर ओढून कलती करायची. वरून पाणी टाकलं तर जीव आपटून मरतात, म्हणून ही एवढी खटपट. जयाबाईच्या नातीला पहिला पेला मिळाला. पोर प्याली आणि तिनं आणखी मागितलं. तिथून रांग लागली.

एकटीनं तीनशे जणांना पाणी पाजीन म्हणणारी बाई मूर्ख होती. ते तिला चाळिसाव्या घागरीला कळलं. तळहाताची साल निघून दोर तांबडा झाला होता. आणि हात सोलल्यावर आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त झोंबली. 'ओढीन मी' असं तिनं म्हटलं होतं, तेव्हा खालच्या गल्लीचा हात दोराला लागू नये, हे तिच्याही मनात कुठंतरी होतंच. आण्णासाहेबाच्या कमरेला किल्ली होती, तिच्या जिभेवर होती. एवढाच फरक.

तिनं दोर सोडला. "जया, वर ये. हे धर."

जयाबाईनं आधी आण्णासाहेबाकडं बघितलं.

"तिकडं काय बघतीस? दोर हिकडं हाय."

जयाबाई पायरी चढली. चाळीस वर्षं त्या गावात राहून पहिल्यांदा. ओढायला ती तारामतीच्या दुप्पट. पण कडीची बादली पहिल्यांदा हातात दिली, तेव्हा तिनं ती कठड्यावरूनच पालथी केली, उष्टं पाणी टाकावं तशी. तारामती कळवळली. हात धरून तिनं पुन्हा दाखवलं, खाली सोड, टेकू दे, मग दुसरा दोर. जयाबाईनं शिकून घेतलं आणि म्हणाली, "आक्का, जन्मभर विड्या वळल्या. न दिसणाऱ्या पाव्हण्यास्नी गाडीतनं उतरवून द्यायचं काम पहिल्यांदाच मिळालंय." रांगेतल्या बायका हसल्या. त्या आवारात दोन दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आणखी सहा बायका लागल्या. कुणी ओढायच्या, कुणी गाळायच्या, दिपाली थेंब मोजायची. सगळ्यांच्या चुका काढायला तारामती होतीच. तिच्या जिभेवरची तीन वर्षांची धूळ गेली. एकीला ती म्हणाली, कापड धुतीस का नवऱ्याला बडवतीस? आजारी पोरं दुसऱ्या सकाळी उठून बसली, म्हातारा भात मागायला लागला.

तिसऱ्या दिवशी पहाटेचं फटफटल्यावर आण्णासाहेब धोतर नेसून, कलश घेऊन अभिषेकाचं पाणी घ्यायला आला. कठड्यापाशी जयाबाई एकटीच होती. बादली खाली सोडत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. काय म्हणतेस, असं त्यानं विचारलं.

जयाबाई दचकली. "काय न्हाय, आण्णा. 'जावा आपल्या घरला' म्हणते. आमचं घर कवा दिसतंय कुणाला ठावं. ह्येंचं तरी जवळ हाय."

आण्णासाहेब दहा वर्षांचा असल्यापासून ती बादली त्या विहिरीत सोडत आला होता. दोर बरोबर धरायचा, मंत्र बरोबर म्हणायचा. बादलीतल्यांना घर आहे, ही गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात कधी आली नव्हती. कलश कठड्यावर ठेवून तो बाजूला उभा राहिला. जयाबाईनं घागर ओढली, पाणी गाळलं आणि कलश भरला. त्या दिवशीचा अभिषेक त्याच पाण्यानं झाला. आभाळ कोसळलं नाही. ते आधीच कोसळलेलं होतं.

त्याच दिवशी दिवस बुडायच्या आत तारामती सवयीनं जेवून मोकळी झाली. हात धुताना तिच्या लक्षात आलं की दिवस बुडाल्यावर न जेवायचा हा नेमही तिनं तीन वर्षांपूर्वी मोडला होता. परत कधी धरला ते तिलाच कळलं नाही. मग ती बस्तीत गेली. हात जोडले नाहीत. भांडण मिटलेलं नाही, पण सध्या वेळ नाही, एवढं मूर्तीला सांगून ती बाहेर आली.

चौथ्या दिवशी गाळण्या विरल्या. तारामतीच्या फडक्याला तर बोट जाईल एवढं भोक पडलं. आण्णासाहेब घरच्या माडीवरून दोन कोरी धोतरं घेऊन आला, भादव्यातल्या दशलक्षण पर्वासाठी जपून ठेवलेली. विहिरीपाशी मांडी घालून तो ती फाडायला बसला. फाडता फाडता मान वर न करता म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी फोन माझ्या हातातच होता. अकरा वेळा वाजला. मी बघत बसलो. भ्यालो होतो."

तारामतीनं ह्या माणसासाठी तीन वर्षं एक शिवी घोटून ठेवली होती. ती ओठापर्यंत आली. पण तो साठीचा माणूस मांडीवर आपलंच पूजेचं धोतर फाडत होता.

"क्षमावणीला अजून महिना हाय," ती म्हणाली. क्षमावणी म्हणजे वर्षातला तो दिवस, जेव्हा जैन माणूस घरोघर जाऊन क्षमा मागतो. "तवा घरात ये. अंगणातनं न्हाय, आत ये आन् रीतसर माग. आत्ता सरळ फाड. तिरकं चाललंय."

आण्णासाहेब सरळ फाडायला लागला.

सहाव्या दिवशी पाणी उतरलं, रस्ता उघडला. वीरेंद्र मोटार घेऊन आला. आई कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली असेल असं चित्र डोळ्यापुढं धरून तो बेळगावातून निघाला होता. आई कठड्यावर बसून खालच्या गल्लीतल्या एकावर ओरडत होती. त्यांच्या गल्लीचा आड गाळानं भरला होता. तो उपसायला कोण कधी येणार, गाळण्या किती लागणार, सगळं ठरत होतं. जयाबाई मध्येच आक्काची चूक काढत होती आणि आक्का ती ऐकून घेत होती.

कॅम्पातली खोली रंगवून ठेवली आहे, गाडीत बस, असं वीरेंद्र म्हणाला. तिनं त्याच्या हातात दोर दिला. वीस घागरी ओढून झाल्यावर, घाम पुसत त्यानं पुन्हा विचारलं.

"येते की. दिवाळीला चार दिवस," तारामती म्हणाली. "कायमची न्हाय. तुझ्या आज्जीनं काय सांगितलं होतं? ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात जगत न्हाईत."

वीरेंद्र लहानपणापासून हे ऐकत आला होता. त्यानं वाद घातला नाही. जाताना तिनं त्याला धोतराचा एक तुकडा दिला, कॅम्पातल्या नळाला बांध म्हणाली. तो हसला, पण घडी घालून खिशात ठेवला.

मग ती जयाबाईला घेऊन आपलं घर बघायला गेली. दारात गुडघाभर चिखल, भिंतीवर पुरुषभर उंचीची ओल, टीव्ही पालथा पडून त्यात गाळ बसलेला. जयाबाई हळहळली.

"असू दे गं," तारामती म्हणाली. भोक पडलेलं फडकं तिच्या खांद्यावरच होतं. ठिगळ लावायचं म्हणून तिनं ते कमरेला खोचलं, आणि दोघी आड उपसायला खालच्या गल्लीकडं निघाल्या.