खिडकीतली मुलं

माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सिग्नल लाल असताना रिकामा रस्ता ओलांडला. आयुष्यभर पुण्यात स्कूटर चालवलेला माणूस दुसरं काय करणार? खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केलरनी त्यांना फुटपाथवरच झापलं. लहान मुलं बघून शिकतात, म्हणाल्या. मी होईल तितकं मऊ करून मराठीत सांगितलं, तरी बाबांनी ते फारच मनावर घेतलं. तेव्हापासून ते आमच्यावर पहारा करतात.

रविवारी आम्ही तळ्यावर निघालो. माझ्या हातात थालीपिठांचा डबा, नवऱ्याच्या, म्हणजे क्षितिजच्या, पाठीवर सॅक. स्टेशन समोर, गाडी सुटायला दोन मिनिटं, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि सिग्नल लाल. पुढची गाडी तासाभराने.

"बाबा, चला ना, कोणी नाहीये."

"मुलं बघतात," म्हणत त्यांनी छत्री आडवी धरली.

"अहो, कुठली मुलं?"

"असतील एखाद्या खिडकीत."

क्षितिज सॅकचे पट्टे आवळत राहिला. घरात जर्मन कायद्यांवर तासभर बोलतो, वडिलांसमोर तोंड उघडत नाही.

तेवढ्यात मागून एक बाई धापा टाकत आल्या आणि लाल सिग्नलमधून थेट स्टेशनात पळाल्या. फ्राउ केलर. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून आम्हाला हातही केला.

मग सिग्नल हिरवा झाला. बाबांनी शांतपणे रस्ता ओलांडला, फलाटावरच्या बाकावर बसले आणि खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं.

"त्या मला काय म्हणाल्या होत्या, ते जर्मनमध्ये लिहून दे. मऊ न करता."