डचेसचा तरंगता कोट

मी एक कोट बोलतोय. माणसाचा नव्हे, कुत्रीचा. रंगानं भडक केशरी, पोटाखालून बांधायचे पट्टे, आत पाण्यावर तरंगणारा जाड फोम, आणि पाठीवर एक भक्कम मूठ. दुकानात मला लाइफ जॅकेट म्हणत. घरात आलो आणि नुसता 'कोट' झालो.

मला शिवणाऱ्या बाईचा चेहरा मला आठवत नाही, तिचे हात तेवढे आठवतात. त्यानंतर पुष्कळ काळ मी अंधाऱ्या खोक्यात होतो. उजेड दिसला तो इंग्लंडमधल्या स्टोक गावातल्या एका दुकानात, तिथल्या खिळ्यावर. एका शनिवारी मर्विननं मला तिथून काढलं, मूठ धरून हवेत दोनदा झुलवलं आणि बायकोला म्हणाला, "बघ ग्लेनिस, सुटकेससारखी उचलता येईल तुझी डचेस."

"तिच्याशिवाय मी येणार नाही," ग्लेनिस म्हणाली, "आणि कोटाशिवाय ती येणार नाही. घे."

हे 'येणं' होतं कालव्यावरच्या सुट्टीचं, भाड्याच्या नावेत राहून फिरायचं. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आधीच्या हिवाळ्यात ग्लेनिसचं मोठं ऑपरेशन झालं होतं. स्तनाचा कॅन्सर. डाव्या बाजूचं बरंच काही काढून टाकलं होतं आणि त्या हातात पूर्वीची ताकद राहिली नव्हती; किटलीसुद्धा ती उजव्या हातानंच उचलायची. सगळा हिवाळा डचेस तिच्या पायाशी पडून होती. मर्विन फरशांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. तिथून आला की जिन्याखाली उभा राहून आधी वरचा कानोसा घ्यायचा, मग बूट काढायचा. त्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ग्लेनिस जाणार असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. ग्लेनिसनंही.

ती गेली नाही. डॉक्टर म्हणाले, आता मोकळ्या हवेत जा. मर्विननं ते इतकं मनावर घेतलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा कालव्यांचा नकाशा जेवतानासुद्धा उचलला जाईना. एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर सॉसची, आणि मधोमध ओट्सची गरम धिरडी, आत चीज वितळलेलं.

"नाव माणसाच्या चालीनं चालते, डॅड," त्यांची मुलगी हॅटी म्हणाली. ती सतरा वर्षांची. "मग नाव कशाला? चालतच जाऊ."

"जा की तू चालत. काठानं वाट असतेच. आम्ही चहा पीत पीत मागून येतो."

"संडास आहे का त्या नावेत?" ग्लेनिसनं विचारलं.

"आहे."

"आहे म्हणजे चालू आहे, की नुसताच आहे?"

"ते जाऊन बसल्यावर कळेल."

"आणि कुत्रं चालतं का त्यांना?"

"फोनवरची बाई म्हणाली, कुत्र्यांचा त्रास नसतो, नवऱ्यांचा असतो."

वाद झाला तो लॉकवरून. लॉक म्हणजे कालव्याचा जिनाच म्हणायचा. दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेला अरुंद, खोल दगडी हौद. नाव आत घ्यायची, दारं लावायची, पाणी सोडून द्यायचं; नाव हळूहळू खाली बसते, मग पुढचं दार उघडून बाहेर. मर्विनला हे जिने चढायची-उतरायची हौस. ग्लेनिसला सपाट पाणी हवं होतं.

"नुसतं सपाटच हवं असेल तर न्हाणीघरात टबात बस," तो म्हणाला.

"बसते. तू साबण आण."

शेवटी मोजकीच लॉक असलेला एक शांत फाटा ठरला, श्रॉपशायरकडचा. सुट्टी ईस्टरची.

मी घरात आलो त्या संध्याकाळी मर्विननं मला डचेसच्या अंगावर चढवलं. ती स्टॅफर्डशायर जातीची, छाती पिंपासारखी, पाय आखूड. असली कुत्री पाण्यात पडली की दगडासारखी तळाला जातात. त्यानं मूठ धरून तिला उचललं. ती चारही पाय खाली सोडून तशीच लोंबकळत राहिली, चेहरा एखाद्या खऱ्या डचेसला शोभेल असा. ग्लेनिसला हसू फुटलं. टाक्यांची जागा हातानं दाबून ती हसत होती, आणि मर्विन बायकोकडे बघत कुत्रीला खाली ठेवायचं विसरला होता.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

नाव भाड्यानं देणाऱ्या बाईनं सगळं नीट समजावून दिलं. "कालव्यात पडलात तर घाबरू नका, उभे राहा. पाणी कमरेलाच लागेल. लॉकमध्ये मात्र तसं नाही, तिथं खोल असतं. माणसांची जॅकेटं बाकाखाली आहेत."

"पोहता येतं आम्हाला," मर्विन म्हणाला. खोटं नव्हतं ते. तरुणपणी तो चांगला पोहायचा.

पहिले दिवस छान गेले. सकाळी दोरांवर हिमाची पांढरी साय धरलेली असायची. मर्विन सॉसेज तळायचा, हॅटी मागच्या टोकाला सुकाणू धरून उभी, ग्लेनिस पुढच्या टोकाला घोंगडी पांघरून, मांडीवर डचेसचं डोकं. समोरून येणारी प्रत्येक नाव हात हलवायची. "बाईसाहेबांचा कोट झकास आहे हं," असं कुणी म्हणालं की ग्लेनिस डचेसच्या वतीनं मान झुकवायची.

मग ते लॉक आलं.

रात्री पाऊस पडून गेला होता. काठाचे दगड शेवाळानं निसरडे झालेले. हॅटी सुकाणूपाशी, ग्लेनिस आत चहा करत होती, मर्विन आणि डचेस काठावर. नाव आत आली, मागचं दार लागलं, मर्विननं पाणी सोडलं. हौदातलं पाणी अर्धं उतरलं होतं. पलीकडच्या बाजूची पाण्याची झडपही उघडायची होती, म्हणून तो पुढच्या दारावरच्या अरुंद फळीवरून पलीकडे गेला. डचेसला वाटलं, आपणही जावं. फळीच्या मध्यावर तिचा मागचा पाय सरला.

आम्ही खाली पडलो, नावेचं नाक आणि दार यांच्यामधल्या जागेत. पाणी बर्फासारखं होतं. पण मी तिला वर धरलं. तिचं नाक पाण्याबाहेर, पाय चालू. अजून बराच वेळ मी तिला तसंच धरून ठेवलं असतं.

हे मर्विनला कळायला हवं होतं. पण आपलं जनावर पाण्यात ओरडत असताना माणसाला असं काही कळत नाही. तो काठावर पालथा पडला, हातातला आकडीचा बांबू खाली घातला, माझ्या मुठीत आकडी अडकवली आणि ओढलं. भिजलेली डचेस जड होती. दगड निसरडे होते. तो डोकं खाली, पाय वर असा आत आला.

लोक पुढे म्हणाले, त्यानं उडी मारली. त्यानं उडी मारली नाही. तो घसरला.

थंडीनं त्याचा श्वास एकदम आत ओढला गेला आणि बाहेर येईना. तोंड उघडं, आवाज नाही. त्याचा हात माझ्या मुठीवर आला. तेव्हा तो कुत्रीला धरत नव्हता, मला धरत होता. आम्ही तिघंही खाली गेलो, पुन्हा वर आलो, पुन्हा खाली गेलो. मग त्याची बोटं उघडली. त्यानं उघडली नाहीत, गारठ्यानं उघडली. पोहणं जाणणारा माणूस तो, पण हातपाय त्याचं ऐकत नव्हते.

ग्लेनिस डचेसचं ओरडणं ऐकून पुढच्या टोकावर आली. चहाचा कप तिनं कुठं टाकला कोण जाणे. ती फळ्यांवर आडवी झाली आणि दोन्ही हात खाली सोडले. डावा हात त्याच्या बाहीला लागला. लोकरीचा भिजलेला स्वेटर, त्यात तो कापलेल्या बाजूचा हात, बाही निसटली. उजवा हात माझ्या मुठीवर पडला. ती गच्च धरून तिनं सगळ्या अंगानिशी ओढलं.

"धरून ठेव, मर्विन," ती म्हणत होती, "धरून ठेव, मी ओढतेय."

तिला वाटत होतं, पलीकडून त्यानंही मला धरलंय.

वर आली ती डचेस. ग्लेनिसनं खाली पाहिलं. खाली नुसतं तपकिरी पाणी होतं.

हॅटी नावेच्या पार मागच्या टोकाला होती. मध्ये नावेतल्या खोलीची सगळी लांबी, तिला यातलं काही दिसलं नाही. ती छपरावरून धावत आली तेव्हा आई हौदात हात घालून पडलेली होती आणि डचेस शेजारी अंग झटकत उभी होती. मागून आलेल्या नावेतल्या माणसानं पाणी बंद केलं, फोन केला. मर्विन सापडला, पण तोवर उशीर झाला होता.

चौकशीत 'अपघाती मृत्यू' असं ठरलं. गावात मात्र गोष्ट निराळी झाली. दफनाला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "स्वतः बुडत असताना कुत्रीला वर ढकललं म्हणे त्यानं. असा होता मर्विन." हॅटीनं ते धरून ठेवलं. रडता रडता तेवढाच आधार होता तिला. ग्लेनिसनं एका शब्दानंही नाही म्हटलं नाही.

मला कोळशाच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. तिथं वर्षं गेली. केशरी रंग काळवंडला, पट्ट्यांना उंदरांनी दात लावले. दाराच्या फटीतून आवाज तेवढे यायचे.

संध्याकाळी, मर्विनच्या परतण्याच्या वेळेला, डचेस पुढच्या दाराशी जाऊन बसायची. "तो येणार नाहीये," ग्लेनिस म्हणायची. "ऊठ तिथून." डचेस उठायची नाही. ग्लेनिस तिला वेळेवर खायला घालायची, औषध द्यायची. हात मात्र लावायची नाही.

हॅटी परिचारिका होऊन लीड्सला गेली. सुट्टीला आली की एकदा तरी भांडण व्हायचंच.

"जिच्यासाठी डॅडनं जीव दिला, तिला तू साधं कुरवाळत नाहीस, मम."

"उपाशी तर ठेवत नाही ना?"

"त्याचा राग तू तिच्यावर काढतेस."

"चहा गार होतोय, पी."

एकदा ग्लेनिस जरा जास्त बोलली. "मी मरायची सगळी तयारी केली होती, हॅटी. माझं सामान कुणाला द्यायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. याची तयारी मी केली नव्हती."

मग एका हिवाळ्यात कोळशाच्या खोलीचं दार उघडलं. ग्लेनिसनं मला खिळ्यावरून काढून झटकलं. डचेस म्हातारी झाली होती, मागच्या पायांतलं बळ गेलं होतं. परसात जायला पायरी उतरता येत नव्हती आणि ग्लेनिसला तिला कवेत उचलणं झेपत नव्हतं. तिनं पट्टे बांधले आणि मुठीकडे हात नेला. हात मध्येच थांबला. डचेस मान वळवून बघत होती, तिला घाई होती. ग्लेनिसनं डोळे मिटले आणि मूठ धरली.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ तिचा उजवा हात माझ्यावर असायचा. पायरीवरून खाली, पायरीवरून वर. हळूहळू ती डचेसशी बोलायला लागली. "सावकाश. दोघीही म्हाताऱ्याच आहोत."

हॅटी आली आणि तिनं हे पाहिलं. दारातच उभी राहिली. "हा कोट तू अजून ठेवलायस?"

ग्लेनिसनं डचेसला गवतावर ठेवलं आणि वळून न बघता सांगितलं, "त्यानं ढकललं नव्हतं तिला."

"काय?"

"तुझ्या डॅडनं. त्यानं कुणाला ढकललं नाही. मी ओढलं. त्याची बाही माझ्या या हातात होती, ती सुटली. या हातात ही मूठ आली. मला वाटलं तोही आहे. मी कुत्री वर काढली, हॅटी, आणि तो खाली गेला."

डचेस गवत हुंगत होती. मग हॅटी म्हणाली, "इतकी वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आले."

"माहीत आहे. तुला त्याचा आधार होता. तो काढून काय देणार होते मी?"

"मी मागे उभी होते, मम. सुकाणू धरून. काय चाललंय तेही मला कळलं नाही."

"तू नाव मागे धरून ठेवलीस. नाहीतर नाव दारावर आदळून मीही गेले असते."

हॅटी आईला बिलगली नाही. रडलीही नाही. खाली वाकून तिनं माझी मूठ धरली आणि डचेसला पायरीवरून आत नेलं. संध्याकाळी तिनं लीड्सला फोन करून रजा वाढवून घेतली. पण तिचा चेहरा आधीसारखा राहिला नाही. धरून ठेवलेलं काहीतरी त्या दिवशी तिच्या हातून गेलं होतं, आणि ते परत येणार नव्हतं.

डचेस वसंतापर्यंत टिकली नाही. परसात पुरताना हॅटी म्हणाली, "कोटही घालू का तिच्याबरोबर?" ग्लेनिस म्हणाली, "नको. चांगला आहे अजून." तिनं मला धुतलं, उंदरांनी कुरतडलेले पट्टे बदलून नवे शिवले आणि जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात नेऊन दिलं.

"कुत्रं गेलं का हो?" दुकानातल्या बाईनं विचारलं.

"हो," ग्लेनिस म्हणाली. "आणि नवराही. आधी तो."

ग्लेनिसनं गळपट्टा नीट केला आणि ती बाहेर पडली. बस चुकेल म्हणून जरा भराभर चालत गेली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

आता मी इथं आहे, खिडकीजवळ, जुन्या रेनकोटांच्या रांगेत. कालव्याचे दिवस जवळ आले की कुणीतरी येईल, मूठ धरून मला झुलवून बघेल, काहीतरी विनोद करेल. मी येईन तुमच्याबरोबर. तुमच्या कुत्र्याला पाण्यावर धरीन, त्यात कसूर होणार नाही. पण त्याच्यामागे तुम्ही येऊ नका, आणि यावंच लागलं तर तुमच्याही अंगावर काहीतरी असू द्या. मी एकाच जिवापुरता शिवलेला आहे.