भाजीच्या कप्प्यातली बाटली

मी एक जुना फ्रीज आहे. मला पंधरा दिवस बंद ठेवून आजोबांना मिळणार तरी काय होते? थोडीशी वीजबचत, आणि लेकीच्या घरी "मी बटण बंद करूनच निघतो बरं का" असे चारचौघांत सांगायची सोय.

मित्रांनो, माझ्या पोटात दोघांचे इन्शुलिन असे. आजोबांचे दारात, लोण्याशेजारी, मानाने. स्वयंपाकाच्या मावशींचे तळाला, भाज्यांखाली, कागदात गुंडाळून. दोघांचे वय सारखे, साखरही सारखीच. मावशींकडे फ्रीज नव्हता. त्या सकाळी इथेच सुई टोचून घेत आणि मग भाजी चिरायला बसत.

सूनबाईंनी बजावले होते, "मावशी, अगदी मागे ठेवा हं. पाहुण्यांना वाटायचं, घर आहे की दवाखाना!"

"मग साहेबांचं दारात कसं?" मावशींनी हसत विचारले.

"फ्रीज त्यांचा आहे ना!"

जायचे ठरले होते सोमवारी. तिकिटे मिळाली रविवारची. मावशी आपली बाटली सोमवारी नेणार होत्या. रविवारी पहाटे सूनबाईंनी आजोबांचे इन्शुलिन दोनदा मोजून बर्फाच्या पिशवीत भरले. वरवरच्या भाज्या काढल्या, तळाला हात घातला नाही. आजोबांनी बटण दाबले. माझी घरघर थांबली.

तासाभराने घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग दाराबाहेरून मावशींचा आवाज आला, फोनवरचा.

"बाई, माझं औषध आत राहिलंय हो... नाही, दवाखान्यात महिन्यातून एकदाच देतात, कार्डावर शिक्का पडलाय... दुकानात? तेवढ्या पैशांत माझं महिन्याचं रेशन येतं... छे छे, तुम्ही कशाला परत येताय! बघते मी."

त्या रोज येत. कडी हलवून पाहत. आधी पावले नीट पडत, मग एक पाय घासत येऊ लागला. आठव्या दिवसानंतर कोणी आलेच नाही. मी आत कोमट होत होतो, बाटलीही. मला ओरडता येत नाही. तेवढी भीती मी त्याआधी कधी साठवली नव्हती.

मित्रांनो, मला बंद करण्याआधी माझा तळ एकदा चाचपून पाहा. तिथे कोणाचे तरी आयुष्य गुंडाळून ठेवलेले असेल.

मंडळी परतली. आजोबांची साखर उत्तम होती. साखर चढून पायाची जखम चिघळल्याने मावशींची दोन बोटे कापावी लागली होती. सूनबाई खूप हळहळल्या, आणि उभ्याने काम करू शकेल अशी दुसरी बाई त्यांनी शोधली. बोटे गेली ती मावशींची, आणि कामही गेले ते मावशींचेच.