कडीच्या आतला परीक्षक

मी कुलपं दुरुस्त करतो आणि साहसं लिहितो. साहस म्हणजे टेबलाभोवती बसून तोंडाने खेळायचा खेळ. एकाने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. खेळांच्या दुकानात त्याची दरवर्षी स्पर्धा असते. डब्यातून तीन चिठ्ठ्या काढतात. चिठ्ठीवरचं साहित्य घालून तीन तासांत साहस लिहायचं. एखादी चिठ्ठी वगळूनही गोष्ट उभी राहिली, की गुण कापले.

परीक्षक सर. चार वर्षांत माझं एकही साहस त्यांनी पहिल्या पानापुढे वाचलेलं नाही. पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाचं रक्त काढतात आणि कागद बाजूला. बक्षीस गेलं खड्ड्यात. माझं एक साहस कुणीतरी शेवटपर्यंत खेळावं, एवढंच मला हवं होतं.

यंदा सरांनी चिठ्ठ्या वाचल्या. "न वाजणारी घंटा. खोटा वैद्य. मागची कडी आतून अडकते, वापरू नये." मग डोळे मिटले. "वा! किती गूढ!"

आम्ही अकरा शहाणे माना खाली घालून गूढ लिहायला बसलो. माझ्या ताईने तर त्या कडीसाठी अख्खा शापित किल्ला बांधला.

कागद गोळा करून सर मागे संडासात गेले. पाच मिनिटांनी दार धडधडायला लागलं.

दुकानाची मालकीण धावत आली. "अगं बाई! दारावर लावायला चिठ्ठी लिहिली होती मी, त्या डब्याजवळच ठेवलेली. गेली कुठे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पेचकस माझ्या खिशातच होता. मी दारापाशी स्टूल ओढलं, बसलो आणि आत्ताच लिहिलेलं साहस सुरू केलं.

"सर, तुम्ही राजवैद्य आहात. औषधातलं ओ की ठो कळत नाही. राणीचा ताप उतरला नाही तर तुमचं मुंडकं उडणार. पळताना न्हाणीघरात अडकलात."

"दार उघड, गाढवा!"

"ओरडलात. पहारेकरी जागा झाला. काय करता?"

"अरे, लाज वाटू दे," ताई म्हणाली, पण तिनेच दाराखालून फासा आत सरकवला.

आतून खालच्या आवाजात आलं, "खिडकी आहे का?"

"आहे. बाहेर घंटा टांगलीय, आत लोलक नाही."

"मग घंटेत लपतो."

हे मी लिहिलंच नव्हतं. मला घाम फुटला. "फासा टाका. किती पडले?"

"पाच."

"खरं सांगा."

"...दोन."

"पाय बाहेर लोंबतायत."

"बूट काढून फेकतो! त्याला वाटू दे, मी खाली उडी मारली."

आत खरोखरच भिंतीवर बूट आपटला. पोरं-बाया दाराला कान लावून उभ्या. मालकीण गल्ला सोडून आलेली.

शेवटी मलाच दया आली. बाहेरूनच कडीचे दोन स्क्रू काढले, ती सुटली, दार उघडलं. सर एका पायात बूट घालून उभे होते, घामाघूम, हातात फासा.

"या बाहेर," मी म्हणालो.

"बाहेर? पहारेकरी अजून खाली आहे ना?" सर खेकसले आणि त्यांनी धाडकन दार ओढून घेतलं. "पुढे बोल!"

"सर, उरलेलं टेबलावर खेळा हो," ताई पाय आवळून म्हणाली. "मला जायचंय आत."