शंभरातले तीस

मानसी इंगळेला एमएस असल्याचं कळलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. या आजारात शरीर स्वतःच्याच नसांवरच्या आवरणाला इजा करतं. आधी तिचा डावा डोळा धूसर झाला, वर्षभराने उजवा पाय बधिर झाला. दोन्ही वेळा ती सावरली आणि शांती नगरमधल्या विमा एजंटच्या ऑफिसात परत कामाला लागली.

समाधानशी लग्न ठरलं तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो हाटकेशला फॅब्रिकेशनच्या गाळ्यात वेल्डर होता.

"सांगितलंस ना, बास झालं," आई, सरोजा, म्हणाली.

मानसीला ते पुरेसं वाटेना. ती त्याला डॉक्टरांकडेच घेऊन गेली.

डॉक्टरांनी तिला पंचवीस फूट चालवून वेळ मोजली, एमआरआय पाहिला.

"पुढे काय होईल ते दोघांना ऐकायचंय," ती म्हणाली.

"मणक्यात डाग आहेत, ते बरं नाही. औषध लवकर सुरू झालं, ते चांगलं. तुमच्यासारख्या शंभर पेशंटपैकी तीसेक जणांना पंधरा वर्षांत काठी लागू शकते."

"मानसी त्या तिसांत आहे का?" समाधानने विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही. दर वर्षी थोडं थोडं कळत जाईल."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला आठ दिवस दे."

तिला वाईट वाटलं. पण तो लगेच हो म्हणाला असता, तर तिला भरवसा वाटला नसता.

नवव्या दिवशी त्याने तिला मुर्ध्यात तळमजल्यावरची भाड्याची खोली दाखवली. "जिना नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी मी बसवतो."

"मी आज चालतेय ना, समाधान? तू मला आत्ताच बसवतोयस."

तो ओशाळला. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरही एक खोली रिकामी होती. तिच्या खिडकीतून खाडी दिसायची.

"ही घेऊ," मानसी म्हणाली. "करार अकरा महिन्यांचाच असतो. दर वर्षी एमआरआय झाला की पुन्हा ठरवू. झेपेनासं झालं तर मीच सांगेन."

लग्नाला आता चार वर्षं झाली. यंदा पंचवीस फुटांना तिला दीड सेकंद जास्त लागला. डॉक्टरांनी औषध बदललं. घरी येताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली.

"आता पहिला मजला बघू."

"तळमजला नको?"

"नको. पहिलाच."

मे महिन्यात त्यांनी सामान खाली आणलं. समाधान कपाट उतरवत होता, तोवर मानसीने नव्या ओट्यावर चहा टाकला.