चार बोटे उंच

मी एक जुना बाक आहे. मित्रांनो, खेड्यातल्या निवृत्त मास्तरीणबाई चोर आणि खुनी शोधून काढतात ती टीव्हीवरची मालिका तुमच्या घरी लागत असेल, तर तुम्ही मला पाहिले आहे. टपाल कचेरीत मी होतो, पोलीस चौकीत मी होतो, नदीकाठच्या झाडाखालीही मीच होतो. माझा डावा हात पिवळट आहे आणि उजवा काळा. त्यामुळे मला कुठे लपता येत नाही, आणि त्यावरूनच पुढे सगळा गोंधळ झाला.

माझा जन्म एका दवाखान्यासाठी झाला. डॉक्टरीणबाईंनी बाक करायला सांगितला तेव्हा सुतार लगेच टेप काढून भिंत मोजू लागला. बाई म्हणाल्या, "आधी बसणारे बघ, मग लाकूड काप." सुतार बिचारा अर्धा दिवस दाराशी उभा राहिला. कोण कसे बसते, उठताना कशाला धरते, कोणता पाय आधी मागे घेते, हे त्याने नीट पाहिले. मग त्याने माझी बैठक नेहमीपेक्षा चार बोटे उंच केली आणि दोन्हीकडे भक्कम हात बसवले. दुसऱ्या हाताला लाकूड पुरले नाही, म्हणून जुन्या दाराची काळी फळी वापरली. "रंग देऊन एकसारखे करतो," असे तो ओशाळून म्हणू लागला, पण बाईंनी ऐकले नाही. "डोळे अधू असलेल्यांना काळा हात लांबून दिसेल. राहू दे तसाच."

अठरा वर्षे मी दवाखान्यात काढली. एक आजोबा सगळ्यांना सांगत, "या बाकावरून उठताना देव आठवत नाही." याहून मोठे कौतुक मला पुढे टीव्हीवरही मिळाले नाही. मग डॉक्टरीणबाई थकल्या, दवाखाना त्यांच्या मुलाकडे गेला आणि एका दांड्यावर जोडलेल्या चकचकीत खुर्च्या आल्या. माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. तिथे माझ्याखाली एक मांजर तीनदा व्याली. तिच्याशिवाय माझी कोणी विचारपूस केली नाही.

तिथून मला मालिकेच्या सामानवाल्याने नेले. त्याला सगळे 'आणतो' म्हणत, कारण त्याच्याकडे काहीही मागा, तो दुसरे काही बोलतच नसे. मास्तरीणबाईंचे काम करणाऱ्या ज्येष्ठ नटीला सगळे ताई म्हणत. पहिल्याच दिवशी ताई टपाल कचेरीच्या दृश्यात माझ्यावर बसल्या आणि उठल्या. उठल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि 'आणतो'ला बाजूला घेतले. "मी जिथे बसेन तिथे हाच बाक आणायचा. का ते विचारू नकोस."

"आणतो," तो म्हणाला.

ताईंचे दोन्ही गुडघे धरले होते. ते मला त्यांच्या भारावरूनच कळले. बाकीचे त्या एकदा रंगभूषा करणाऱ्या मावशींना हळूच सांगत होत्या. आधीच्या एका नाटकात त्यांनी गुडघ्यांचे दुखणे बोलून दाखवले आणि महिन्याभरात ते काम दुसरीला गेले. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची.

मालिका कादंबऱ्यांवरून केलेली होती आणि लोकांनी त्या कादंबऱ्या कोळून प्यायल्या होत्या. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शकांची सहायक मुलगी प्रेक्षकांची पत्रे मोठ्याने वाची. एका प्राध्यापकांनी पानांचे आकडे देऊन सिद्ध केले होते, की मूळच्या मास्तरीणबाई चालता चालता विचार करतात, तुमच्या मात्र सदा बसलेल्या. एका नवऱ्याची तक्रार अशी, की बायको दहाव्या मिनिटाला खुनी ओळखते, तेव्हा तिला आतून कोण सांगते याचा तपास व्हावा. एका आजींनी लिहिले होते, "एवढंसं गाव आणि महिन्याला दोन खून. अशानं शेवटी मास्तरीणबाई आणि खुनी दोघंच उरतील. मग ओळखण्यात कसलं आलंय कौतुक?" सगळे पोट धरून हसत.

मग एक ओळीचे पत्र आले. टपाल कचेरीत आणि पोलीस चौकीत बाक एकच कसा?

झाले. पुढच्या सोमवारी बाकावर चाळीस पत्रे आली. मालिकावाल्यांना एवढासुद्धा खर्च परवडत नाही का, असे कोणी विचारले. शेवटच्या भागात बाकच खुनी निघणार, अशी एका शाळेच्या वर्गात पैज लागली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. दिग्दर्शक वैतागले. "हसं होतंय आपलं. उद्यापासून हा बाक दिसता कामा नये."

माझ्या जागी वेताच्या बुटक्या खुर्च्या आल्या. मला भिंतीशी ठेवले आणि लोक माझ्यावर बसून डबे खाऊ लागले.

मालिकेत दर भागाच्या शेवटी मास्तरीणबाई ऐकता ऐकता ताडकन उभ्या राहतात आणि गुन्हेगाराचे नाव सांगतात. लोक आठवडाभर त्याचीच वाट पाहत. बुटक्या खुर्चीतून ताईंना उठताच येईना. त्या अर्ध्यावर येत आणि पुन्हा खाली बसत. मग चेहरा न बदलता म्हणत, "माफ करा, वाक्य विसरले." पाच वेळा असे झाले. शेवटी ते दृश्य बसल्या बसल्याच उरकले. पुढच्या भागात तेच, त्याच्या पुढच्या भागातही तेच. दिग्दर्शक म्हणू लागले, "ताईंचं पाठांतर राहिलं नाही." मग त्यांनी ठरवले, की मास्तरीणबाईंची एक पुतणी गावात आणायची आणि हळूहळू तपास तिच्याकडे द्यायचा. कादंबरीत पुतणी कुठेच नव्हती.

ताईंना हे कळले तेव्हा त्या माझ्यावर बसून जेवत होत्या. त्यांनी अर्धा डबा तसाच ठेवून झाकण लावले. मित्रांनो, मला त्या दिवशी फार वाईट वाटले. मला सगळे माहीत होते आणि बोलता येत नव्हते.

त्यानंतरच्या सोमवारी सहायक मुलीने नेहमीसारखे एक पत्र उघडले आणि वाचायला लागली.

"मी सुतार आहे. मालिका बायकोमुळे बघतो. खुनी कोण ते मला कधीच कळत नाही, शेवटी बायको सांगते. पण तो बाक माझ्या हातचा आहे. दवाखान्यासाठी केला होता. गुडघे धरलेल्यांना उठता यावं म्हणून चार बोटं उंच ठेवला. तुमच्या बाई उठताना काळ्या हातावर भार देतात आणि उजवा पाय आधी मागे घेतात. तशी माणसं मी अर्धा दिवस उभं राहून बघितली आहेत. गेल्या तीन भागांत बाक नाही, आणि बाई उठलेल्याही दिसल्या नाहीत. बाक मोडला असेल तर कळवा. येऊन दुरुस्त करून देईन."

मुलीचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. आपण काय वाचून बसलो ते तिच्या लक्षात आले होते. कोणी हसले नाही. ताई खाली मान घालून बसल्या होत्या.

दिग्दर्शक त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "ताई, मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर पुतणी दोन महिने आधी आली असती."

दिग्दर्शक 'आणतो'कडे वळून म्हणाले, "बाक."

"आणतो."

त्या दुपारी ताई माझ्यावरून उठल्या. काळ्या हातावर भार, उजवा पाय मागे, आणि ताडकन उभ्या. एका दमात त्यांनी पाऊण पानाचे वाक्य म्हटले. एक शब्द चुकला नाही. पुतणी काही गावात आली नाही. पत्रे येतच राहिली. आता ती वाचून झाली की ताईच सगळ्यांत मोठ्याने हसत.

मालिका संपली तेव्हा ताईंनी मला मागून घेतले आणि पुन्हा त्याच दवाखान्यात पाठवले. डॉक्टरीणबाईंच्या मुलाने दोन चकचकीत खुर्च्या हलवून मला जागा दिली. सुताराने येऊन माझे सांधे घट्ट केले. कोणी कोणी मला ओळखते आणि माझ्याबरोबर फोटो काढते.

मित्रांनो, मत सगळ्यांनाच असते आणि ते जरूर द्यावे. पण कोणी बसलेले दिसले, तर हसण्याआधी ते उठते कसे तेही एकदा बघा. आणि कोणासाठी काही बनवणार असाल, तर टेप जरा नंतर काढा. काल एक आजी आल्या. त्यांनी ती मालिका पाहिलेली नव्हती आणि माझ्याकडे त्यांचे लक्षही गेले नाही. नंबर पुकारल्यावर त्या काळ्या हाताला धरून उठल्या आणि चालू लागल्या.